धर्माचा रकाना आणि जमिनीचा दावा



दाव्यांच्या फायली उघडल्या की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "दाव्यात धर्म लिहावा लागंल का?" कन्नड-सोयगावच्या डोंगरातून बिडकीनच्या बैठकीला येणारे विचारतात, गायरान कसणारे विचारतात, आणि विचारताना आवाज खाली घेतात. कुणाच्या वस्तीवर रविवारी प्रार्थना भरते, कुणाच्या घरात माळ आहे, कुणाचा देव म्हणजे शिवेवरचा शेंदूर लावलेला दगड. एवढ्या वर्षांत दाव्याच्या बैठकीत कुणी कुणाचा देव विचारला नव्हता. आता विचारायला लागलेत, म्हणून हा लेख.

आधी सरळ उत्तर. नाही, लिहावा लागत नाही. वनहक्क कायदा २००६ चा, त्याच्या दाव्याचा नमुना 'अ' काढून बघा. दावेदाराचं नाव, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, आई-बापाचं नाव, गाव, ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा, अनुसूचित जमात की इतर पारंपरिक वननिवासी, घरातली माणसं आणि मग जमिनीचा तपशील. धर्माचा रकाना त्यात नाही. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात आहे हे दाखवायचं असतं. देव कोणता हे दाखवायचं नसतं. कुणी कर्मचारी, पुढारी नाहीतर गावातला शहाणा वेगळा कागद भरून मागत असेल तर भरू नका, आणि कुणी मागितला ते आम्हाला कळवा.

मग ही भीती आली कुठून? ती उगाच आलेली नाही.

१४ फेब्रुवारी २०२५ ला महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढून सात जणांची समिती नेमली. अध्यक्ष राज्याचे पोलीस महासंचालक. काम काय, तर 'लव्ह जिहाद' आणि जबरदस्तीचं धर्मांतर रोखायला कायदा कसा करावा याचा अभ्यास. समितीत गृह, विधी व न्याय, महिला व बालविकास, अल्पसंख्याक, सामाजिक न्याय अशा खात्यांचे अधिकारी आहेत. आदिवासी विकास खात्याला खुर्ची नाही. धर्मांतराची ओरड सगळ्यात जास्त आदिवासी भागाच्या नावाने होते, आणि आदिवासींचं खातं बाहेर. पुढे जुलैच्या पावसाळी अधिवेशनात कडक कायदा आणू असं सरकारने सांगितलं. 

असे कायदे देशात दहा-बारा राज्यांत आहेत. बहुतेकांच्या नावात 'धर्म स्वातंत्र्य' हे शब्द आहेत. नाव ऐकलं तर वाटतं, बरं झालं, आता कुणी आपल्या देवाला हात लावणार नाही. पण कायदा नावावर चालत नाही, कलमांवर चालतो. कलमं बघू.

ओडिशाचा कायदा १९६७ चा, मध्य प्रदेशचा जुना कायदा १९६८ चा. जोर, लालूच किंवा फसवणूक करून धर्म बदलायला लावणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. पण बदलणारी व्यक्ती बाई असेल, अल्पवयीन असेल, अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल तर कैद दुप्पट. वरून बघितलं तर आपल्याला जास्त संरक्षण. नीट बघा. लेकरू, बाई, दलित आणि आदिवासी एका ओळीत बसवलेत. म्हणजे चाळीस वर्षांचा भिल्ल गडी आणि दहा वर्षांचं पोर, दोघांची अक्कल सारखी. स्वतःच्या मनाने देव बदलण्याइतकी समज आदिवासीला नसते, असं कायद्यानेच मानलं. आणि हाच गडी धरणासाठी, खाणीसाठी, कारखान्यासाठी जमीन द्यायच्या कागदावर अंगठा उठवतो तेव्हा त्याची समज पक्की. तिथे कुणी विचारत नाही, तुला लालूच दाखवली का, फसवलं का. इथे बिडकीनच्या आसपास हजारो एकर जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आहे. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नंतरचे कायदे आणखी पुढे गेले. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलण्याच्या साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. मग चौकशी होते. धर्म बदलल्यावर माहिती कचेरीच्या फळ्यावर लागते. जबरदस्ती झाली नाही हे सिद्ध करायचा बोजा आरोपीवर. २०२४ च्या दुरुस्तीने तिथे कुणीही, ज्याचा त्या घराशी काही संबंध नाही असा माणूससुद्धा, तक्रार देऊ शकतो आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. राजस्थानने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात इमारत जप्त करण्याची आणि पाडण्याचीही सोय ठेवली. आणि बऱ्याच राज्यांत एक सूट आहे: मूळ धर्मात, बापजाद्यांच्या धर्मात परत गेलं तर ते धर्मांतर धरायचं नाही. आता आपला बापजाद्यांचा धर्म कोणता हे कोण ठरवणार? वाघदेव ठरवणार, भगत ठरवणार, का तालुक्याच्या गावचा पोलीस ठरवणार?

सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ओडिशा आणि मध्य प्रदेशचे कायदे वैध ठरवले हे खरं आहे. पण २०१२ मध्ये हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयाने तिथली आधी नोटीस देण्याची अट रद्द केली. आपल्या मनात काय श्रद्धा आहे ते सरकारला न सांगण्याचाही माणसाला हक्क आहे, असा त्या निकालाचा अर्थ. उत्तर प्रदेशच्या कायद्याखाली नोंदवलेले काही गुन्हे २०२५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. म्हणजे कोर्टातही हा विषय संपलेला नाही.

या कायद्यांची पाळंमुळं आदिवासी मुलखातच आहेत. रायगड संस्थानाने (आपला कोकणातला नव्हे, छत्तीसगडचा) १९३६ मध्ये, त्यानंतर सरगुजाने, उदयपूर नावाच्या तिथल्याच छोट्या संस्थानाने १९४६ मध्ये असे कायदे केले. तिन्ही आदिवासी जंगलातली संस्थानं. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नियोगी समिती नेमली. तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूर होती. तिचा अहवाल १९५६ ला आला. त्याच वर्षी, त्याच नागपुरात, १४ ऑक्टोबरला बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्म घेतला. त्यासाठी कुणा कलेक्टरची परवानगी लागली नाही. आज गुजरातमध्ये हिंदूने बौद्ध व्हायचं तरी जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, असं तिथल्या गृहखात्याने एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं आहे.

आणि बिरसा? २०२५ मध्ये त्याच्या जन्माला दीडशे वर्षं झाली. १५ नोव्हेंबरला सगळ्या सरकारी कचेऱ्यांत त्याच्या फोटोला हार पडले. हा बिरसा लहानपणी ख्रिस्ती मिशनच्या शाळेत शिकला, ख्रिस्ती होता, ते सोडलं, काही काळ वैष्णवांच्या संगतीत राहिला, आणि मग स्वतःचाच पंथ काढला. लोक त्याच्यामागे गेले ते जमिनीसाठी. त्याच्या उठावानंतर छोटा नागपूरचा १९०८ चा कूळकायदा आला, आदिवासीची जमीन बाहेरच्याला जाऊ नये म्हणून. आजच्या कायद्याने चाललं असतं तर बिरसाला दर वेळी साठ दिवस आधी अर्ज द्यावा लागला असता. आपल्याकडे तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांचा आप पंथ झाला, हजारो भिल्लांनी दारू सोडली, राहणी बदलली. आदिवासी आपल्या डोक्याने देव-धर्माचा विचार करत आला आहे. कुणी बिस्किटाचा पुडा दाखवला म्हणून हे सगळं झालं असं म्हणणं म्हणजे बिरसाचाही अपमान आहे.

आता मुख्य गोष्ट. धर्म बघून हक्क कापणं या देशात आधी झालेलं आहे, आणि ते कायद्यानेच झालं आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात लिहिलं गेलं की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. शिखांना १९५६ मध्ये त्यात घेतलं. बौद्धांना घ्यायला १९९० उजाडलं. दीक्षा घेतलेल्यांची एक अख्खी पिढी केंद्राच्या सवलतींना मुकली. मराठवाड्यात गायरानाच्या लढ्यात आपल्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले बौद्ध भाऊ-बहिणी आहेत, त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. माणूस तोच, वाडा तोच, गावकुसाबाहेरची जागा तीच, शिवाशिव तीच. कागदावरचा धर्म बदलला आणि हक्क गेला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान आजही बाहेरच आहेत.

अनुसूचित जमातीला मात्र ही अट नाही. घटनेच्या कलम ३४२ खालची यादी जमातीची आहे, धर्माची नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे, यावल-रावेर-चोपड्याकडचे तडवी भिल्ल बघा. धर्माने मुसलमान, जमातीने भिल्ल, आणि यादीत तडवी हे नाव छापलेलं. नवापूरकडे मावची आणि कोकणी आदिवासींत ख्रिस्ती घरं आहेत. त्यांचाही दाखला आदिवासीचाच. पण धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा अशी मागणी आता मेळावे भरवून केली जातेय. तिचं इंग्रजी नाव 'डीलिस्टिंग'. यादीतून नाव गेलं की काय काय जातं? शिष्यवृत्ती, आश्रमशाळा, नोकरी हे तर झालंच. वनहक्काचा दावा 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून करावा लागेल, आणि त्यांना तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागतात. तो आणायचा कुठून? निजामाच्या राज्यात तुमच्या आजोबाचं नाव कोणत्या दप्तरात लिहिलं होतं? शिवाय आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही ही जी आड आहे तीही त्या घरापुरती निघेल. कुणाचा डोळा जमिनीवर आहे ते मग कळेल.

आणि कायदा बदलला नाही तरी ही गोष्ट मागच्या दाराने येऊ शकते. जात पडताळणी समितीपुढे ठाकर, महादेव कोळी कुटुंबं उभी राहिली की काय विचारतात ते आपल्याला माहीत आहे. देव कोणते, लग्न कसं लावता, सण कोणते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्राच्याच ठाकर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की चालीरीतींची ही परीक्षा म्हणजे अखेरची कसोटी नव्हे, जुने कागद असतील तर त्यांना वजन आहे. धर्म बदलला एवढ्यावरून जमात जात नाही, असंही त्याच न्यायालयाने २००४ मध्ये केरळच्या प्रकरणात म्हटलं. पण त्यात एक गोम ठेवली. माणूस जमातीच्या चालीरीती पाळतो का, हे पुराव्यावरून बघावं. म्हणजे प्रश्न परत विचारणाऱ्याच्या हातात. अशा वेळी कलेक्टर कचेरीत धर्म बदलणाऱ्यांची नोंदवही तयार झाली, तर ती वही पडताळणीच्या टेबलावर जायला किती वेळ लागेल?

जमिनीशी याचा आणखी एक धागा आहे. जुलै २०२५ मध्येच विधिमंडळात धुळे-नंदुरबारच्या आदिवासी भागातल्या अनधिकृत चर्चचा विषय निघाला, आणि महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी चौकशी करून ती पाडू असं उत्तर दिलं. 'अनधिकृत' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपलं खोपट अनधिकृत, आपली शेती अतिक्रमण, आपली विहीर अनधिकृत, वाघदेवाचा चौथराही अनधिकृत, कारण खालच्या जमिनीचा पट्टा अजून आपल्या नावावर नाही. आज पत्र्याच्या प्रार्थनाघरावर बुलडोझर येताना ज्याला बरं वाटेल, त्याने आपल्या झोपडीचा कागद एकदा काढून बघावा. पट्टा दिला असता तर अनधिकृत शब्दच उरला नसता.

स्वातंत्र्याच्या नावाचा कायदा कुणाच्या हातात जातो हे जगातही दिसतं. अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवाशांच्या चर्चमध्ये पियोटी नावाची वनस्पती प्रसाद म्हणून घेतात. ती घेतली म्हणून दोघांची नोकरी गेली, बेकारभत्ता नाकारला, आणि १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारणं योग्य ठरवलं. त्यावर ओरड झाली आणि १९९३ मध्ये धर्मस्वातंत्र्य परत आणण्याचा कायदा झाला. वीस वर्षांनी, २०१४ ला, त्याच कायद्याचा आधार घेऊन एका मोठ्या दुकान-कंपनीच्या मालकांनी कामगार बायांच्या विम्यातून गर्भनिरोधकाची काही साधनं वगळून घेतली. गाऱ्हाणं मूळ रहिवाशांचं होतं, हत्यार मालकाच्या हाती गेलं.

आमचं म्हणणं असं नाही की कुणी कुणाला फसवत नाही. फसवतात. दवाखान्यात नेऊ नका, नुसती प्रार्थना करा म्हणणारे आहेत, आणि अंगारा लावून पैसे उकळणारेही आहेत. घरवापसीचा मांडव घालून, आलं नाही तर रेशन बंद करू म्हणणारे आहेत. पण धमकी, फसवणूक, डांबून ठेवणं याला भारतीय न्याय संहितेत शिक्षा आहेच, मग धमकी देणारा कोणत्याही देवाचा असो. त्यासाठी माणसाच्या मनाची आगाऊ नोंद करायला नको.

आता आपल्याच अंगणात येऊ, कारण बोचणारी गोष्ट तिथे आहे.

छत्तीसगडमध्ये बस्तरच्या छिंदवाडा गावात जानेवारी २०२५ मध्ये एका ख्रिस्ती मुलाला बापाचं प्रेत गावात पुरू दिलं नाही. वीस दिवस प्रेत शवागारात पडून. सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, आणि शेवटी माती द्यावी लागली वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात. तिकडे काही गावांच्या शिवेवर 'पास्टरांना बंदी' अशा पाट्या लागल्या आहेत, पेसा कायद्याचं नाव लिहून. ज्या ग्रामसभेने ओडिशात २०१३ मध्ये नियमगिरीचा डोंगर वाचवला, बारा गावांनी एकमुखाने खाणीला नाही म्हटलं, आमचा देव या डोंगरात आहे म्हणून, त्याच ग्रामसभेचं नाव आता आपल्याच माणसाला माती नाकारायला वापरतात. नियमगिरीच्या ग्रामसभेचा वाद कंपनीशी होता. बस्तरमध्ये शेजारी शेजाऱ्याशी भांडतोय आणि कंपनी निवांत आहे.

मराठवाड्यात किनवट-माहूरचा भाग सोडला तर पेसा लागू नाही. पण वनहक्काची ग्रामसभा आपल्याकडेही आहे आणि तिचे नियम कडक आहेत. नियम ४ प्रमाणे निम्मे सभासद हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत, आणि दाव्याचा ठराव असेल तर निम्मे दावेदार पाहिजेत. वस्तीवर चाळीस घरं असतील, त्यातली पंधरा "ते येशूवाले" म्हणून वाळीत टाकली, आणि सहा घरं भांडणाला कंटाळून आली नाहीत, तर गणसंख्या संपली. ठराव नाही, ठराव नाही तर दावा वर जात नाही. जमीन नाकारायला मग वनखात्याला काही करावंच लागणार नाही.

तसंच मसणवटीचं. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात देवाची जागा, देवराई, जुनी विहीर आणि मसणवट येते. आपल्या आजा-पणज्याच्या मातीनेच आपण इथले आहोत हे सिद्ध होतं. तिथे कुणाची माती चालते आणि कुणाची नाही हे भांडण लावणारा माणूस आपला पुरावा उकरून टाकतोय.

आणि कायदाही लक्षात ठेवा. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. आपल्या समाजातल्या घराला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. उलट बाजूनेही बोललं पाहिजे. ज्यांनी नवा देव घेतला त्यांनी जुन्या देवाला सैतान म्हणू नये. जत्रेची वर्गणी द्यायची नसेल तर देऊ नका, पण बांध घालायला, वणवा विझवायला, जंगलाच्या राखणीला आणि मोर्चाला आलंच पाहिजे. ते देवाचं काम नाही, गावाचं आहे.

२०२६ हे जनगणनेच्या घरयादीचं वर्ष आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी. तिथे मात्र धर्म विचारतील. तुम्ही जो सांगाल तोच लिहिणं हे मोजणाऱ्याचं काम आहे. त्याने स्वतःच्या मनाने लिहू नये. २०११ मध्ये देशात सुमारे ४९ लाख लोकांनी 'सरना' सांगितला होता. तुम्ही काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, संघटना सांगणार नाही. एवढं लक्षात ठेवा की जनगणनेतही अनुसूचित जमातीला कोणताही धर्म चालतो. धर्माच्या उत्तराने जमातीचं उत्तर बदलू देऊ नका.

प्रत्येक वस्तीने पुढच्या ग्रामसभेत हे ठराव घ्यावेत असं आम्ही सुचवतो:

१. वनहक्काच्या, गायरानाच्या कोणत्याही कामात कुणालाही धर्म विचारला जाणार नाही आणि लिहिला जाणार नाही.

२. गावची मसणवट, पाणी, रस्ता आणि रेशन गावातल्या प्रत्येक घराचं आहे.

३. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट लावण्याला या ग्रामसभेचा विरोध आहे.

४. धर्मांतराचा कायदा करायचा असेल तर मसुदा आधी मराठीत गावोगाव पाठवावा, आदिवासींना अज्ञान लेकरांच्या ओळीत बसवू नये, आणि आगाऊ नोटीस व नोंदवही त्यात नसावी.

ठरावावर सह्या आणि अंगठे घेताना बाया किती हजर होत्या तो आकडा लिहायला विसरू नका. एक प्रत गावच्या फायलीत ठेवा, एक तहसीलला देऊन पोच घ्या, आणि एक पुढच्या बैठकीला बिडकीनला घेऊन या.

जिंदाबाद!